तीन मुलांचा सल्ला आणि शहापूर-मुरबाडचा पाळणा

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी सांगितले की, समाजाचा जननदर २.१ च्या खाली जाता कामा नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुले हवीत. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत त्यांनी तेच पुन्हा मांडले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू हे जास्त मुले असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढवू देण्याची भाषा करत होते. त्यांच्या राज्याने दोन मुलांची अट काढूनही टाकली. आपल्या महाराष्ट्रात मात्र १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले की ग्रामपंचायतीची उमेदवारी बाद, असा नियम आला आणि त्यापायी कितीतरी सरपंच-सदस्यांची पदे गेली. पन्नास वर्षे 'कमी मुले जन्माला घाला' म्हणणारी व्यवस्था आता 'जास्त घाला' म्हणू लागली आहे. दोन्ही वेळा बोलणारे पुरुष आहेत, आणि दोन्ही वेळा ज्या बाईने नऊ महिने पोट वाहायचे, तिला कुणी विचारलेले नाही.

हा सल्ला आपल्या वस्तीतही वेगळ्या रूपात फिरतो आहे. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध ८४ लाख, म्हणजे ०.७ टक्के निघाले. २००१ मध्ये हेच प्रमाण ०.८ टक्के होते. तेव्हापासून 'आपली संख्या घटते आहे, आपल्या लोकांनी एका-दोनावर थांबू नये' असे संदेश व्हॉट्सअॅपवर येत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) या चर्चेत आणखी भर टाकली. देशाचा एकूण जननदर २.०, महाराष्ट्राचा १.७, आणि धर्मनिहाय पाहिले तर बौद्ध-नवबौद्धांचा १.३९, म्हणजे सगळ्यांत कमी. त्या आधीच्या फेरीत तो १.७४ होता.

या आकड्याने घाबरून जाण्यासारखे काय आहे, हे मला कळलेले नाही. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, शहरात नोकऱ्या लागल्या की जननदर उतरतो. केरळात उतरला, जपानात उतरला. बौद्धांचा उतरला तो आपल्या मायबहिणींनी हातात पुस्तक घेतले म्हणून. आणि संख्येचीच काळजी असेल तर तिचा उपाय बाईच्या पोटात नाही, जनगणनेच्या फॉर्मवर आहे. देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात नोंदले जातात. याचा अर्थ इतर राज्यांत धम्म स्वीकारलेले कितीतरी लोक धर्माच्या रकान्यात अजून 'हिंदू' लिहितात किंवा प्रगणक लिहील ते चालवून घेतात. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणे आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीची नोंद नीट होणे, एवढे जपले तरी संख्येचा प्रश्न बराच सुटेल. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, त्यामुळे भीतीने धर्म लपवण्याचेही कारण राहिलेले नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो दिसायला मुंबईपासून शंभर किलोमीटरही जावे लागत नाही.

सरासरीआड गेलेले दोन तालुके

ठाणे जिल्हा म्हटले की डोळ्यांसमोर ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी येते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले आणि उरलेल्या सात तालुक्यांच्या जिल्ह्याचे आकडे जवळजवळ शहरांचेच झाले. त्या सरासरीत शहापूर आणि मुरबाड बुडून जातात. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार होती, मुरबाडची १ लाख ९० हजार. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, आगरी आणि गावोगावचे बौद्धवाडे अशी इथली वस्ती. दिवाळीनंतर कातकरी-ठाकूर कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात.

अशा ठिकाणी कुटुंब नियोजनाचे चित्र कसे असते? राज्याचा आकडा पुरेसा बोलका आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुष नसबंदी ०.४ टक्के. म्हणजे एका पुरुषामागे शंभराहून अधिक स्त्रिया ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या. तांबी, गोळ्या, इंजेक्शन हे सगळे मिळून ऑपरेशनच्या पासंगालाही पुरत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आपण गृहीत धरू की मुलीचे लग्न अठराव्या वर्षी झाले. एकोणिसाव्या वर्षी पहिले मूल, एकविसाव्याला दुसरे, मग मुलगा नसेल तर तिसरे, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. लग्न ते ऑपरेशन ही जी पाच-सात वर्षे आहेत, त्यात तिच्याजवळ कोणतेही साधन नसते. शरीर सगळ्यांत कच्चे असते, अंगात रक्त कमी असते (राज्यातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे), आणि त्याच काळात एकामागून एक बाळंतपणे होतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्याआधी निदान २४ महिने जावेत. हे अंतर ज्या साधनांनी राखता येते, तीच साधने इथे सगळ्यांत कमी वापरली जातात. ऑपरेशनने मुलांची संख्या थांबते, बाईची झीज भरून येत नाही. ती आधीच झालेली असते.

म्हणून ही साधने काय आहेत आणि शरीरात नेमके काय करतात, हे नीट सांगणे भाग आहे. आपल्याकडे साधनांविषयी जी माहिती फिरते ती बहुधा जावेकडून, नाहीतर मेडिकलवाल्याकडून आलेली असते.

कोणते साधन काय करते

आधी थोडे शरीराविषयी. पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून एक स्त्रीबीज सुटते. ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे महिन्यातले पाच-सहा दिवसच खरे जोखमीचे. पण ते कोणते, हे पाळी घड्याळासारखी असेल तरच सांगता येते. कमी वजनाच्या, अंगावर पाजणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या बाईची पाळी तशी क्वचितच असते. 'दिवस मोजून' चालणाऱ्यांचा हिशोब चुकतो तो यामुळे.

कुठलेही साधन या साखळीची एखादी कडी तोडते. निरोध शुक्राणूंना आत जाऊ देत नाही. तांबी त्यांना निकामी करते. गोळ्या आणि इंजेक्शन बीज सुटूच देत नाहीत. ऑपरेशन वाट कायमची बंद करते.

किती खात्रीचे, याचे जगभर वापरले जाणारे आकडे अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आहेत, पण तुलनेला उपयोगी आहेत. काहीच न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ८५ जणींना वर्षभरात दिवस जातात. 'वेळेवर बाजूला होण्या'वर भिस्त असेल तर २० जणींना. निरोध रोजच्या व्यवहारात जसा वापरला जातो तसा धरला तर १३ जणींना, गोळ्यांत ७, तिमाही इंजेक्शनात ४. तांबीत शंभरात एकही पुरी नाही. स्त्रीच्या ऑपरेशनात हजारात पाच, पुरुष नसबंदीत हजारात एक-दोन. यातली मेख अशी की निरोध अगदी दर वेळी, नीट वापरला तर १३ चा आकडा २ वर येतो आणि गोळ्यांचा ७ चा एकाच्याही खाली. फरक साधनात नाही, आठवणीत आणि नवऱ्याच्या सहकार्यात आहे. जे साधन रोज आठवावे लागत नाही आणि ज्यासाठी दर रात्री कुणाची मनधरणी करावी लागत नाही, ते जास्त टिकते. एका खोलीच्या घरात सासू-सासऱ्यांसोबत राहणाऱ्या सुनेला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तांबीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावर सगळ्यांत जास्त अपप्रचार झाला आहे. प्लास्टिकच्या इंग्रजी 'टी' आकाराच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती पिशवीत बसवली की तांब्याचे सूक्ष्म कण शुक्राणूंची हालचाल मंदावतात आणि बीज फळण्याआधीच अडवतात. ती गर्भ पाडत नाही. सरकारी दवाखान्यात ३८० ए ही दहा वर्षांची आणि ३७५ ही पाच वर्षांची, अशा दोन मिळतात, दोन्ही मोफत. काढली की लगेच पुढच्या पाळीपासून दिवस राहू शकतात. 'तांबी वर चढते, काळजाला लागते' असे पाड्यापाड्यावर ऐकू येते. पिशवी ही छातीकडे उघडणारी पोकळी नाही, तेव्हा तसे होत नाही. पण खोटे दिलासे देण्यातही अर्थ नाही. तांबीमुळे पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाते, पोटात कळा येतात. क्वचित ती आपोआप पडते, बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवलेली जरा अधिक. हजारात एखादीच्या बाबतीत बसवताना पिशवीला इजा होते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच सात-आठवर आहे, तिला तांबी बसवून लोहाच्या गोळ्या न देता घरी पाठवणे हे अर्धवट काम झाले. महिन्याभराने तपासणी, दोरा जागेवर आहे ना हे पाहणे आणि त्रास होतो म्हटल्यावर बिनतक्रार काढून देणे, या तीन गोष्टी झाल्या तर तांबीची बदनामी निम्मी कमी होईल.

'अंतरा' हे दंडात किंवा कमरेला घ्यायचे इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. त्यातल्या संप्रेरकाने बीज सुटणे थांबते आणि पिशवीच्या तोंडाशी असणारा स्राव घट्ट होतो. याचा इतिहास ठाऊक असायला हवा. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना आणि इतर स्त्रीवादी गटांनी अशाच एका इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. गरीब बायकांना पुरती माहिती न देता सुया टोचल्या जातात, हा त्यांचा आक्षेप होता. 'अंतरा'तले औषध भारतात १९९३ पासून खासगी दवाखान्यांत मिळत होते, सरकारी कार्यक्रमात ते २०१७ मध्ये आले. त्या बायकांचा आक्षेप औषधापेक्षा व्यवस्थेवर अधिक होता, आणि तो आजही लागू पडतो. या इंजेक्शनाने पाळी बिघडते. कधी थेंबथेंब रक्त जाते, कधी सहा-आठ महिन्यांनी पाळी बंदच होते. हे आधी सांगितले असेल तर बाई निश्चिंत राहते. नसेल सांगितले तर 'दिवस राहिले की काय' किंवा 'रक्त आत साठते आहे' या भीतीने ती दुसरी सुई घ्यायला येत नाही. रक्त साठत नसते. अस्तरच तयार होत नाही म्हणून पाळी येत नाही, आणि रक्तक्षय असलेल्या बाईला ते उलट हिताचे ठरते. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागू शकतात. लगेच मूल हवे असणाऱ्या जोडप्याने हे साधन घेऊ नये. अंगावर पाजणारी बाई बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर घेऊ शकते.

'छाया' ही गोळी आपल्या देशातली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली. १९९१ मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आली आणि २०१६ पासून 'छाया' म्हणून सरकारी कार्यक्रमात आहे. तिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे मळमळ, वजनवाढ नाही. ती बीज सुटणे थांबवत नाही. पिशवीच्या अस्तराची आणि बीजाची वेळ जुळू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची: पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, ती रविवारी आली तर रविवार आणि बुधवार. त्यानंतर आठवड्यातून एकदाच, त्याच रविवारी. एका पाकिटात आठ गोळ्या. वीटभट्टीवर सहा महिने जाणाऱ्या बाईला जाताना पाच-सहा पाकिटे दिली की प्रश्न मिटतो. पाळी पुढे जाते एवढाच तिचा त्रास, आणि तोही बहुतेकींना सुरुवातीलाच. बाळंतपणानंतर लगेच चालते. इतके सोयीचे साधन इतके कमी का वापरले जाते, याचे उत्तर मला 'कुणी सांगतच नाही' याखेरीज सापडत नाही.

'माला-एन' रोज घ्यायची. २१ गोळ्या संप्रेरकाच्या, ७ लोहाच्या. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये, दूध कमी होते. रक्तदाब असेल तर नको. पस्तिशीनंतर विडी-तंबाखू ओढणारीने घेऊ नये. आणि एक गोष्ट फारच कमी सांगितली जाते: क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन ही गोळी निकामी करते. टीबीचे औषध चालू असलेली बाई माला-एन घेत असेल तर ती सुरक्षित नाही. तिने तांबी किंवा अंतरा घ्यावे.

दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी, तीन वर्षांची, देशातल्या निवडक जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. खात्रीत ती सगळ्यांत वर आहे. पण काडी घालणाऱ्याइतकाच ती काढणारा प्रशिक्षित माणूस जवळ असावा लागतो. तोकावडे-मोरोशीच्या बाईला काडी काढायला कल्याणला जावे लागणार असेल, तर ते साधन तिच्या हातात राहिले असे म्हणता येणार नाही.

तातडीची गोळी आशाताईकडे असते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. रोजचे साधन म्हणून तिचा उपयोग नाही. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवणारे साधन एकच, निरोध. बाकी कशानेही ते संरक्षण मिळत नाही.

पुरुष कुठे आहे

स्त्रीचे ऑपरेशन म्हणजे पोट उघडणे आले, टाक्याचे असो वा दुर्बिणीचे. गर्भनलिका आतड्यांजवळ असतात. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या कातडीच्या लगेच खाली. बिनटाक्याच्या नसबंदीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात, दोन्ही नळ्या बाहेर घेऊन कापून बांधतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होते, अर्ध्या-एक तासात माणूस चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नाही. फक्त नळ्यांत आधीपासून असलेले शुक्राणू संपायला तीन महिने लागतात, तोवर निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. हे न सांगितल्यामुळे दुसऱ्या महिन्यात दिवस जातात आणि संशय बाईवर येतो.

ताकद जाते, ही भीती शरीराची माहिती नसल्यामुळे आहे. पुरुषाचे संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जाते, त्या नळीतून जात नाही. नळी बांधली म्हणून दाढी-मिशी, इच्छा, नांगर धरायची ताकद यात तसूभर फरक पडत नाही.

मग प्रमाण ०.४ टक्के का? नेहमीच असे नव्हते. १९६७ च्या सुमारास मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली होती आणि गाडी पकडायला आलेले पुरुष तिथे ऑपरेशन करून घेत होते. मग १९७६ आले. आणीबाणीत एका वर्षात देशभर ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. महाराष्ट्रात बार्शीला रस्त्यावरून माणसे उचलून नेली गेली. राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. या सक्तीत कोण सापडले? झोपडपट्टीतला, भूमिहीन, दलित, मुसलमान, आदिवासी. आणीबाणी उठली, सरकार पडले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने धडा घेतला की पुरुषांना हात लावायचा नाही. सगळा भार बायकांवर टाकला गेला. त्या मते फिरवत नाहीत, असा हिशोब असावा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने केली, त्यांतल्या अनेक जणी आपल्या जिवाला मुकल्या. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिश्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगितले.

पैशाचे गणितही पाहण्यासारखे आहे. ऑपरेशन करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला ६०० रुपये, पुरुषाला हजाराहून अधिक. सरकारने पुरुषाला जास्त पैसे देऊन पाहिले, तरी तो येत नाही. कारण अडचण पैशाची नाही. सासू म्हणते, 'माझ्या लेकाला हात लावू नका, सुनेचं करा.'

१९३८ चा ठराव

हे सगळे आपल्याला नवे वाटायला नको होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा सरकारने प्रसार करावा, असा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. त्यातला युक्तिवाद लोकसंख्येच्या आकड्यांपाशी थांबत नाही. बाईचे आरोग्य, तिचा जीव आणि नको असताना बाळंतपण नाकारण्याचा तिचा अधिकार तिथे आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांच्यापैकी कुणी दुसऱ्यांदा तयार झाला नसता, अशा आशयाचा टोलाही आहे. पाचपैकी चार मुले गमावलेल्या आणि रमाईंना झिजताना पाहिलेल्या माणसाची ही मांडणी होती. सभागृहाने ठराव फेटाळला. स्वतंत्र भारताने कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला तो १९५२ मध्ये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात संततिनियमनाची केंद्रे काढण्याचे वचन आहे, आणि गरज पडल्यास अधिक कडक उपायांची तयारीही दाखवलेली आहे. ते वाक्य आणीबाणीच्या पंचवीस वर्षे आधीचे आहे. कडक उपाय कुणावर पडतात हे १९७६ ने दाखवून दिले, तेव्हा १९५१ च्या त्या ओळीपेक्षा १९३८ च्या भाषणातला बाईचा अधिकार आपण हाती धरणे मला योग्य वाटते. 'दोनच हवीत' ही सक्ती आणि 'तीन हवीत' हा उपदेश, दोन्ही त्या अधिकाराच्या विरुद्ध जातात.

दवाखान्यात काय विचारावे

काही नियम बायकांपर्यंत पोचतच नाहीत. ऑपरेशन, तांबी किंवा अंतरा, कशासाठीही नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. बाईची स्वतःची संमती पुरते. ऑपरेशनसाठी तिचे वय २२ ते ४९ असावे आणि निदान एक मूल वर्षाहून मोठे असावे, एवढीच मुख्य अट. मुलगा आहे की नाही, हा निकष कुठेही नाही. प्रसूतीच्या कळा सुरू असताना घेतलेला अंगठा ही संमती धरू नये. तांबीविषयी विचारायचे ते सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत. ऑपरेशन फसले तर भरपाईची योजना आहे, त्यासाठी कागदाची प्रत जपून ठेवावी. आणि साधन फसून दिवस राहिलेच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित स्त्रीलाही २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताचा मार्ग आहे. त्यासाठी वैदूकडे जाण्याची गरज नाही.

२०११ पासून निरोध आणि गोळ्या आशाताईने घरपोच द्यायच्या आहेत. पण आशाताईला गावात सगळे ओळखतात, ती नात्यातलीच असते. नव्या सुनेला तिच्याकडे मागायला संकोच वाटतो. बौद्धवाड्यातल्या महिला मंडळांनी या बाबतीत बरेच करता येईल. वर्षावासात विहारात बायका जमतात. तिथे एखाद्या दुपारी उपकेंद्राच्या सिस्टरला बोलावून तांबी, छाया, अंतरा प्रत्यक्ष हातात घेऊन दाखवायला सांगावे. शेजारच्या कातकरी वाडीतल्या बायकांनाही त्या दिवशी बोलावणे धाडावे. पुरुषांसाठी असा कार्यक्रम वेगळा घ्यावा आणि तिथे बोलायला नसबंदी करून घेतलेला गावातलाच माणूस उभा करावा, तालुक्याहून पाहुणा आणण्याची गरज नाही.

जिल्हा परिषदेकडे मागण्यासारखी एक गोष्ट फार खर्चाची नाही. अंतराची पुढची सुई ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत चालते. डोळखांब-धसईची कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, कल्याणच्या भट्ट्यांवर जातात, म्हणजे बहुतेक वेळा त्याच जिल्ह्यात. गावातून निघण्याआधी सुई आणि कार्ड द्यावे, आणि त्या कार्डावर पुढची सुई भट्टीजवळच्या उपकेंद्रात 'तुम्ही आमच्या हद्दीतल्या नाही' असे न म्हणता मिळावी. भट्ट्यांची यादी दरवर्षी महसूल खात्याकडे असते. ती आरोग्य विभागाने ऑक्टोबरमध्येच मागून घ्यावी.